बोट उचलून धरणाऱ्या आजोबांना

आजोबा, सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात, आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीतून वाचलेल्यांचे आवाज ऐकवतात त्या दालनात, तुम्ही माझ्या आईशेजारी येऊन बसलात. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

तिथे आवाजच सगळं सांगतात. आणि आईला ऐकू येत नाही. कानाला यंत्र लावूनही नुसता गलका पोचतो, शब्द नाही. आमच्याकडच्या एका संग्रहालयात खिडकीवरच्या माणसाने मला सुनावलं होतं, "ऐकू येत नाही तर यांना आणलंत कशाला?" आईने ते त्याच्या ओठांवरून वाचलं. तेव्हापासून कुठेही गेलो की तिचं एकच, "तुम्ही बघून या, मी बसते बाहेर." इथेही ती पर्स मांडीवर घेऊन दाराशी थांबली होती.

तुम्ही काही विचारलं नाहीत. छापील मजकूर आणून तिच्यापुढे उघडलात आणि आवाज जाईल तसं ओळीवरून बोट फिरवत राहिलात. आई शाळेत शिक्षिका होती, इंग्रजी वाचते. फलाटावर आपल्या आईपासून ताटातूट झाल्याचं सांगता सांगता त्या आवाजांतली एक बाई गप्प झाली. छापलेल्या पानावर पुढचं वाक्य लगेच सुरू होत होतं. तुम्ही बोट कागदावरून उचललंत आणि तसंच अधांतरी धरून ठेवलंत. बाई पुन्हा बोलू लागली तेव्हाच टेकवलंत. मला नीट ऐकू येतं आजोबा, पण ते गप्प होणं किती लांबलं हे मला तुमच्या बोटाने कळलं.

नंतर आईने विचारलं, हे सगळं ही माणसं पहिल्यांदा कुणाजवळ बोलली असतील? तुम्ही चिठ्ठीवर डेव्हिड बोडर यांचं नाव लिहिलंत. असं विचारत गेलेल्या पहिल्या काहींपैकी ते एक. १९४६ साली शिकागोहून तारेवर आवाज टिपणारं यंत्र घेऊन ते युरोपात गेले, निर्वासितांच्या छावण्यांतून फिरले, सव्वाशेहून जास्त माणसांना ज्याच्या त्याच्या भाषेत बोलू दिलं. ती चिठ्ठी आईच्या चष्म्याच्या घरात आहे.

चांगुलपणा म्हणजे गोड बोलणं, असं मी समजत होते. तुम्ही तर तोवर तिच्याशी चार शब्दही बोलला नव्हतात.

परतताना मेट्रोत आईने माझ्या तळहातावर बोट टेकवलं, थोडं सरकवलं, मग उचलून धरलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "इथे थांबली होती ती."