मोजमापासाठीही हात सैल करा : फिजिओथेरपी केंद्रासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपल्या फिजिओथेरपी केंद्राबद्दल तासगावकरांना मी नव्याने काय सांगावं? अर्धांगाच्या झटक्याने एक बाजू गेलेला, खुबा मोडलेला माणूस सांगली-मिरजेच्या दवाखान्यातून घरी आला की पुढचे महिने त्याचं काय, या एकाच प्रश्नातून हे केंद्र उभं राहिलं. मास्तरांनी निवृत्तीच्या पैशांतून चालण्याच्या सरावाचे पहिले बार घेतले, आणि उद्घाटनाला मागच्या रांगेत जाऊन बसले. बेदाण्याच्या धंद्यातल्या दोघा भावांनी छत, पंखे, व्हीलचेअर दिल्या (नावं छापली तर पुढची देणगी बंद, असा दम आहे, म्हणून एवढंच). भिशीच्या भगिनींनी गाद्या शिवल्या. खोळी आजही त्याच घरी नेऊन धुतात. सुतारमामांनी चार पायऱ्यांचा लाकडी जिना करून दिला, मजुरी घेतली नाही. आणि आपल्या फिजिओ ताई! शहरातून बोलावणी येत असताना त्या इथे टिकून आहेत. या सगळ्यांचं ऋण कागदावर मावणारं नाही.

हे मागणं मात्र नेहमीपेक्षा वेगळं आहे. खाट नको, पंखा नको. मोजमापाची साधनं हवीत, नोंदी ठेवणारा माणूस हवा आणि चालायला एक सरळ वाट हवी. गेल्या वर्षी हेच मागितलं तेव्हा ग्रुपवर जोडलेले हात भरपूर आले, पावत्या फार थोड्या फाटल्या. पंख्यावर नाव घालता येतं, नोंदवहीवर कोण घालणार! सभेत एकाने विचारलंही, "पेशंट बरा झाला की दिसतोच, मोजायचं काय त्यात?" तेव्हा चहा आला आणि उत्तर राहिलं. आता देतो.

नुसतं बघून कळत नाही. झटक्यानंतर पहिल्या काही महिन्यांत थोडी सुधारणा आपसूक होते. उपचाराने किती झाली आणि कुठे अडली, हे वेळच्या वेळी मोजल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

ताई प्रत्येकाचा बार्थेल निर्देशांक, म्हणजे रोजच्या कामांचे गुण, काढतात. महोनी आणि बार्थेल या दोघींनी तो १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. जेवण, आंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे, लघवी आणि शौचावरचा ताबा, संडासचा वापर, खाटेवरून खुर्चीत बसणं, चालणं, जिना अशा दहा बाबी, मिळून १०० गुण. माणूस काय करू शकेल हे त्यात धरत नाहीत, रोज प्रत्यक्ष काय करतो ते धरतात. सून मायेने भरवते म्हणून सासूबाईंचे जेवणाचे गुण कापले जातात. त्यावरून एका घरात चांगलाच रुसवा झाला. पण पुढच्या आठवड्यापासून आजी स्वतःच्या हाताने भाकरी मोडू लागल्या.

त्या यादीत खाट-खुर्ची आहे, पाट नाही. म्हणून ताईंनी शेजारी वेगळा रकाना आखलाय : मांडी घालून बसून उठणं, उकिडवं बसणं, मोरीचा कट्टा ओलांडणं. हे बार्थेलच्या बेरजेत मिसळत नाहीत, नाहीतर इतर ठिकाणच्या आकड्यांशी ताडून बघता येणार नाही.

दुसरी चाचणी खुर्चीची. उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. ताई घड्याळ लावतात. म्हातारपणी १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरून चालायचं. खुर्चीची उंची बदलली की वेळ बदलते, म्हणून खुर्ची कायम तीच लागते. तिच्यावर लाल रंगात "मापाची खुर्ची, उचलू नये" असं लिहिलंय. तरी ती एकदा लग्नाच्या मांडवात सापडली.

आकडे पेशंटचे तसेच केंद्राचेही असतात. वहीत बहुतेकांचे चालण्याचे गुण वाढत होते, जिन्याचे जागच्या जागी. कारण सरावाला जिनाच नव्हता. सुतारमामांचा जिना आला तो या आकड्यांमुळे. हा गुण वहीचा, हे प्रश्न विचारणाऱ्या सभासदांनी ध्यानात घ्यावं. मात्र दोन महिन्यांनी आलेल्याची तुलना आठव्या दिवशी आलेल्याशी करायची नाही. तसं केलं तर आकडे छान दिसावेत म्हणून सोपे पेशंट निवडायचा मोह कुणालाही होईल.

शिवाय १०० पैकी १०० मिळालेल्या बागायतदाराला छाटणीची कात्री धरता येईलच असं नाही. बार्थेलची मजल तिथे संपते. पुढे पकडीचा जोर मोजणारं डायनॅमोमीटर लागतं, बोटांच्या चपळाईसाठी नऊ खुंट्यांची पाटी लागते, आणि सहा मिनिटांत किती चालतो हे बघायला ३० मीटरची सपाट वाट. आपला व्हरांडा तेवढा लांब नाही.

खर्च : वाटेची फरशी ६० हजार, डायनॅमोमीटर ३० हजार, संगणक ४० हजार, पाटी-कोनमापक-घड्याळं १२ हजार, अर्धवेळ नोंदनीसाचं वर्षाचं मानधन १ लाख ८ हजार, एकूण अडीच लाख रुपये. फरशी, वाळू, सिमेंट वस्तुरूपाने चालेल. संगणक जुना पण चालू असेल तर तोही. देणगी शक्यतो चेकने किंवा खात्यावर (खाते क्रमांक कार्यालयातल्या फलकावर). २००० रुपयांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, पावतीसाठी पॅन आणावा. कार्यालय संध्याकाळी ५ ते ७, गुरुवारी बंद. पेशंटची नावं आणि गुण कोणालाही दाखवले जात नाहीत, देणगीदारांनाही नाही. आग्रह करू नये. द्राक्षांच्या छाटण्या सुरू झाल्या की कोणी भेटत नाही, तेव्हा गणपतीच्या रथोत्सवाच्या आत रक्कम जमायला हवी. मागच्या सभेत ज्यांनी आकडे बोलून ठेवलेत त्यांनी आधी यावं, ही विनंती.

आपला,
चिटणीस, मंडळाच्या वतीने