फ्रान्समधल्या पोयाकच्या एका द्राक्षबागायतदारास : पहिल्या पेल्याबद्दल

आदरणीय महोदय,

आपले नाव या पत्रात लिहीत नाही, कारण आपल्या तळघराच्या दारावरदेखील ते लिहिलेले नाही. आपल्या तळघरात वाइन चाखायला आलो त्या दिवशी आपल्या दोघांत दुभाष्याचे काम करणारी माझी लेक हे पत्र आपल्याला फ्रेंचमधून वाचून दाखवील. ते मराठीत आणि असे उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की ज्यांनी ते वाचावे असे मला वाटते त्यांतली काही माणसे मराठी आहेत.

मी निफाडची. वडिलांची थॉमसन द्राक्षांची बाग होती, त्यामुळे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि अवकाळी पावसाची धास्ती यांतच लहानाची मोठी झाले. वाइन मात्र पन्नाशीनंतर चाखली. दोन वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात लाल वाइनच्या चाखणीला गेले होते. तिथे कॅबर्ने या काळ्या द्राक्षाच्या वाइनची पंधरा वर्षे जुनी बाटली उघडली गेली तेव्हा मला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि तसे मी सांगितले. सूत्रधार गृहस्थ इतरांकडे पाहून हसले आणि म्हणाले, "जुन्या वाइनला असाच वास येतो मॅडम, सवय व्हावी लागते." हातातल्या छापील कागदावर काळे करंट, देवदार, सिगारची पेटी असे लिहिलेले होते. काळ्या करंटशी माझी ओळख आइस्क्रीमपुरतीच, त्यामुळे मी गप्प बसले, आणि त्यानंतर अशा प्रत्येक ठिकाणी गप्पच बसत आले.

आपल्याकडेही गप्प बसण्याच्या तयारीनेच आले होते. आपण आधी आम्हाला बागेत नेलेत आणि पायाखालचे गोटे हातात दिलेत. कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकते, तिला पाण्याचा निचरा आणि उन्हाची ऊब लागते, ती हे गोटे देतात, एवढेच बोललात. मग तळघरात २०१९ च्या पिकाच्या वाइनचा पेला भरलात. रंग थेट जांभळाचा, आणि तुरटपणा असा की हिरड्या आवळल्या गेल्या. त्यानंतर २०१० आणि २००९ शेजारी शेजारी ठेवलेत. त्याच वेली, तेच गोटे, निम्म्याहून बरीच जास्त कॅबर्ने आणि उरलेली बहुतेक मेर्लो ही दुसरी काळी द्राक्षे. तरीही उन्हाळ्याने पिकवलेली २००९ भरलेल्या अंगाची आणि मऊ, तर तिच्या पाठची २०१० ताठ मानेची, आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही राखून असलेली. एकाच घरातल्या दोन बहिणी अशा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मला २०१० अधिक आवडली, हे सांगायचे तिथे राहून गेले.

नंतर १९९६. त्या वर्षी मेदोकमध्ये, म्हणजे आपल्या भागात, कॅबर्ने फार उत्तम पिकली होती, हे सांगताना आपला चेहरा खुलला होता. बूच काढून आपण हुंगलेत, मान डोलावलीत आणि आम्हा सहा जणांचे पेले भरलेत. मी पेला नाकाशी नेला तर फळ कुठेच नाही, आणि तळाशी तोच वास. हा वास मी पुस्तकातून शिकलेले नाही. ऐन तोडणीत अवकाळी आली की पॅकहाउसमध्ये रचून ठेवलेली निर्यातीची पाच किलोची खोकी भिजत आणि पुढचे आठ दिवस तो वास नाकातून जात नसे. मी लेकीच्या कानात म्हणाले, "पुठ्ठा भिजलाय गं." आपण विचारलेत, आई काय म्हणाल्या? ती अडखळली. आपण थांबून राहिलात, तेव्हा तिला सांगावेच लागले.

आपण आपला पेला पुन्हा उचललात. बराच वेळ हुंगलेत. मग एक शब्दही न बोलता सहाही पेले गोळा केलेत, ती वाइन मोरीत ओतलीत आणि आतून त्याच वर्षाची दुसरी बाटली आणलीत. त्या बाटलीची किंमत लेकीने मला घरी आल्यावर सांगितली, हे बरे झाले. तिथेच कळली असती तर माझ्या पोटात गोळा आला असता.

पण मी हे पत्र बाटलीसाठी लिहीत नाही. नवी बाटली उघडल्यावर यजमान पहिला घोट स्वतः घेतो. आपण तो पहिला पेला माझ्यापुढे सरकवलात आणि भुवया उंचावून थांबलात. खोलीत पाच माणसे रिकाम्या हातांनी उभी होती, आणि मी मान हलवीपर्यंत आपण कोणाच्याही पेल्यात थेंब ओतला नाही.

बुचातल्या बुरशीमुळे तयार होणारे एक रसायन लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले, तरी वाइनमधले फळ मारून टाकते, हे नंतर वाचले. म्हणजे मुंबईतली ती बाटलीही बहुधा तशीच होती. त्या गृहस्थांना ते ओळखता आले नाही, याचा मला राग नाही. आपल्यालाही पहिल्या खेपेस आले नव्हतेच. त्यांनी माझे ऐकून पेला पुन्हा नाकाशी नेला नाही, याचा आहे. आयुष्यभर जे काम केले त्यात अनोळखी बाईने चूक दाखवावी आणि ती सहा जणांदेखत मान्य करावी, हे आमच्या द्राक्षपट्ट्यातल्या जाणत्या माणसांनाही जड जाते. माझ्या वडिलांनाही जड गेले असते, हे मी त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहिते.

दुसऱ्या बाटलीतल्या १९९६ ला देवदाराचा वास होता, तंबाखूच्या चंचीचा होता, आणि खाली कुठेतरी अजून जांभूळही शिल्लक होते. शेवटची १९८६ आपण आदल्या दिवसापासून उभी ठेवली होती आणि मेणबत्तीच्या उजेडात, गाळ मानेशी येईपर्यंत, सावकाश दुसऱ्या भांड्यात ओतलीत. कडेचा रंग कौलासारखा झाला होता. तारुण्यात ती फार कडक होती, असे आपण म्हणालात. माझ्या जिभेवर मात्र तिचा तुरटपणा विरत गेला. तिच्याविषयी आपण मला तीन वेळा विचारलेत आणि तिन्ही वेळा उत्तर ऐकून घेतलेत.

आपल्याकडून घेतलेली २०१९ ची बाटली लेकीच्या तळघरात आडवी ठेवली आहे, कारण निफाडच्या एप्रिलमध्ये तिची धडगत नव्हती. ती २०३५ च्या आधी उघडू नका, असे आपण बजावले आहे. तोवर माझे नाक शाबूत राहिले, तर पहिला पेला कोणाला द्यायचा ते ठरलेले आहे; आपण फक्त यावे.

आपली कृतज्ञ,
निफाडच्या बागायतदाराची मुलगी