त्याचे नाव एक-चौदावर नाही

संपादक महाशय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी थरारकादंबऱ्यांवरचा लेख वाचला. गावोगाव भटकणारा एकटा नायक आवडणे म्हणजे मिसरूड फुटणाऱ्या पोरांचे हाणामारीचे स्वप्न, असा त्याचा एकंदर सूर आहे. मी गोव्यातला, साठी ओलांडलेला निवृत्त पंचायत सचिव आहे. जन्मात कोणावर हात उगारलेला नाही आणि पुस्तकातल्या मारामाऱ्यांची पाने बहुधा वाचण्याआधीच उलटतो. तरीही ली चाइल्ड या लेखकाचा असाच भटका नायक, जॅक रीचर, मी मिळेल तिथून मिळवून वाचला आहे. किनाऱ्यावरच्या एका पंचायतीत बदली झाली होती, तेव्हा तिथल्या शॅकमध्ये, म्हणजे वाळूवरच्या खानावळीत, पर्यटकांनी मागे टाकलेल्या कादंबऱ्यांचा ढीग पडलेला असे. पाने उन्हाने पिवळी पडलेली, शिवणीत वाळू. हे व्यसन तिथे लागले.

लेखात रीचरची उंची आली आहे, सहा फूट पाच इंच. २०१२च्या सिनेमात त्याचे काम टॉम क्रूझने केले म्हणून वाचक चिडले, आणि २०२२च्या मालिकेत एकदाचा धिप्पाड नट मिळाला, हेही आले आहे. माझ्या मते उंचीला फार महत्त्व नाही. त्याच्या खिशात काय आहे ते पाहावे: घडी होणारा टूथब्रश, थोडी रोकड, पुढच्या पुस्तकांत एटीएम कार्ड आणि जुना पासपोर्ट. बस्स. कपडे मळले की स्वस्तातला नवा जोड घ्यायचा आणि जुना टाकून द्यायचा. घर नाही, म्हणून घरपट्टी नाही. जमीन नाही, म्हणून एक-चौदाच्या, म्हणजे आमच्याकडच्या जमिनीच्या उताऱ्यावर नाव नाही. पूर्वी लष्करी पोलिसांत मेजर होता, आता कोणाचा कोणी नाही.

हे महत्त्वाचे का, ते १९९७ साली आलेल्या पहिल्याच कादंबरीत कळते. (पुस्तक इतके जुने झाले की गुपित फोडल्याचे पाप लागू नये.) रीचर जॉर्जियातल्या मार्ग्रेव्ह नावाच्या छोट्या गावात येतो. गाव आरशासारखे लख्ख. दुकाने रंगवलेली, न्हाव्याकडे गिऱ्हाईक नाही, तरी सगळे सुखात. पुढे उलगडते की गावातली एक धर्मादाय संस्था प्रत्येक दुकानदाराला आठवड्याला हजार डॉलर देते आहे. बदल्यात कोणी काही विचारायचे नाही. गावाच्या आडून खोट्या नोटांचा धंदा चालू असतो. बंदुका पुष्कळ निघतात त्या पुस्तकात, पण मला भीती वाटली ती त्या हजार डॉलरांची. गावातला प्रत्येकजण भला माणूस आहे आणि प्रत्येकाला पाकीट पोचते आहे. बाहेरून आलेला एकच माणूस असा, की ज्याच्या नावाचे पाकीट अजून तयार झालेले नाही.

आता आमच्याकडचे सांगतो. आमच्याकडे पाकीटसुद्धा लागत नाही. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि सचिवाने कुठल्याही पंचायतीत एखाद्या फाईलवर हरकत लिहिली, समजा शेत बुजवून उभ्या राहणाऱ्या बांधकामावर लिहिली, तर संध्याकाळी धमकीचा फोन येत नाही. फोन बायकोच्या मावशीचा येतो. ती आधी सगळ्यांची खुशाली विचारते, मग म्हणते, ‘तो आमचोच मनीस, मातशें पळय रे.’ म्हणजे आपलाच माणूस, जरा बघ. दुसऱ्या दिवशी देवळाच्या समितीवर वडिलांबरोबर बसलेले एक वयस्कर गृहस्थ कार्यालयात चहाला येतात आणि फाईलचा विषयच काढत नाहीत. चतुर्थीला मूळ घरी आरतीला उभे राहावे, तर ज्याची फाईल अडवली तोच शेजारी टाळ वाजवत असतो. एका रविवारच्या ग्रामसभेत एक तरुण कागद हातात घेऊन फार नेमके प्रश्न विचारत होता. मी इतिवृत्तात त्याचा शब्द न् शब्द उतरवला. पुढच्या ग्रामसभेला तो आला आणि मागच्या बाकावर गप्प बसून राहिला. मधल्या काळात त्याचा भाऊ रोजंदारीवर लागला होता. त्याला दोष कसा द्यायचा? आई अंथरुणाला खिळलेली होती.

विधानसभेचे चाळीस मतदारसंघ आणि एकेकात तीस हजारांच्या आसपास मतदार, असे आमचे राज्य. इथे पुढाऱ्याला घरेच्या घरे तोंडपाठ असतात, आणि घरांना पुढारी. या जवळिकीने पुराच्या रात्री माणसे वाचतात, मयताला खांदे कमी पडत नाहीत, हे मी पाहिले आहे. पण याच जवळिकीने तोंडेही बंद होतात. दिवसभर असे नात्यागोत्यांच्या जाळ्यात बसून आल्यावर रात्री ज्याला मावशीच नाही अशा माणसाची गोष्ट वाचावीशी वाटली, तर ते पळपुटेपण म्हणावे काय?

मराठीत असा नायक का झाला नाही, याचाही मी विचार केला. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजार आणि काळापहाडावर आमची पिढी पोसली. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, त्याच्या पाठीशी फौज. सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास वकील, म्हणजे अशील आले, कोर्ट आले. आमच्या नायकाला हुद्दा किंवा पत्ता लागतोच. त्यात लेखकांचा दोष नाही. रीचर आमच्या गावच्या तिठ्यावर कदंब बसमधून उतरला तर काय होईल? पातळभाजी-पाव मागवायच्या आत त्याला कोणीतरी विचारील, ‘खंयचो रे तूं? कोणालो?’ म्हणजे कुठला, कोणाचा. चहा संपेपर्यंत त्याच्या आडनावावरून कुळदेव निघेल, आणि बशी उचलताना कोणाचा तरी साडू निघेल. तिथेच कादंबरी संपली.

रात्री एकटा फिरणारा रक्षक आमच्याकडे नाही असे नाही. राखणदार आहे, गावाची राखण करणारा देव. हातात काठी घेऊन रात्रभर चालतो, त्याला वाहिलेल्या वहाणा झिजतात असे आजी सांगायची. पण तो गावची सीम ओलांडत नाही, आणि त्याचे वर्षाचे देणे चुकवून चालत नाही. रोट द्यावा लागतो, विडी ठेवावी लागते. रीचरला कोणी काही देणे लागत नाही, हे वाचकाला फार सुखाचे वाटते. एवढे काम करून गेलेला माणूस पुढच्या निवडणुकीला मते मागायला येणार नाही!

या पुस्तकांतले मला खटकते ते वेगळेच आहे. पहिल्या कादंबरीत रीचर न्याहारी करत असताना पोलीस त्याला खुनाच्या संशयावरून उचलतात, तो परका, म्हणून संशय आधी त्याच्यावर. लेखकाने हे अचूक पकडले. पण तो निभावून जातो, कारण तो माजी मेजर आहे, गोरा आहे, कायदा जाणतो. आमच्याकडे खरे बिननात्याचे लोक कोण? झारखंड, ओडिशा, उत्तर कर्नाटकातून बांधकामावर आलेले मजूर. त्यांनाही इथे मावशी नाही. गावात चोरी झाली की पहिली चौकशी त्यांच्या खोलीत, घरमालकाने भाडेकरूंचा पोलीस फॉर्म भरलाय का म्हणून. त्यांच्यातल्या कोणी पाहिलेले खरे ग्रामसभेत सांगायचे ठरवले, तर त्याला बोलायला माईक मिळेल का? कोणाचेही नसणे ही ताकद ठरायला आधी बऱ्याच गोष्टी पाठीशी असाव्या लागतात. लेखात यावर दोन ओळी असत्या तर मी हे पत्र लिहिलेच नसते.

सचिव म्हणून आणखी एक. डॅशिएल हॅमेट या अमेरिकी लेखकाच्या १९२९च्या ‘रेड हार्वेस्ट’ कादंबरीमध्ये खाणीच्या एका गावाची गोष्ट आहे. संप मोडायला खाणमालकाने गुंड आणले आणि मग तेच गावाचे मालक होऊन बसले. डिचोली-सांगे भागातल्या वाचकाला खाणीचे गाव म्हणजे काय ते सांगायला नको. तिथला गुप्तहेर भटका नाही, एका एजन्सीचा पगारी माणूस आहे, पण लेखक त्याचे नाव शेवटपर्यंत सांगत नाही. तो गुंडांना एकमेकांवर घालून गाव साफ करतो आणि निघून जातो. रीचरही पुस्तकाच्या शेवटी रस्त्याला लागतो. अशा वेळी माझ्या डोक्यात येते, की पोलीसप्रमुख मेला, नगराध्यक्ष मेला, आता सोमवारी कार्यालय कोण उघडणार? जन्म-मृत्यूचे दाखले कोण देणार? त्या आठवड्यात मृत्यूचे तर ढीगभर लागतील. ते काम मागे राहणाऱ्यांचे असते, आणि त्यावर कोणी थरारकादंबरी लिहीत नाही.

लेखकाविषयी एक माहिती लेखात हवी होती. ली चाइल्ड हे टोपणनाव. जिम ग्रँट हा गृहस्थ इंग्लंडात ग्रॅनाडा टेलिव्हिजनमध्ये नोकरीला होता. १९९५ साली ती नोकरी गेली आणि त्याच सुमारास, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्याने कादंबरी लिहायला घेतली. नायक सैन्यातून कपातीत बाहेर पडलेला का, याचे उत्तर मला तरी यातच दिसते.

पत्र छापल्यास माझे नाव देऊ नये, ही विनंती. धाकट्या मुलाने घराच्या दुरुस्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे आणि तो अजून पंचायतीत पडून आहे.

आपला,
एक निवृत्त पंचायत सचिव
फोंडा