चाकण की भोसरी, तूच सांग

चिखली, शनिवार रात्र

प्रिय स्वाती,

तब्येत बरी आहे. पावसात भिजून सर्दी झाली होती, ती गेली. काकूंचा गुडघा कसा आहे? आता मुद्द्याचं.

काल चाकणला एका कंपनीत क्वालिटीच्या, म्हणजे तयार मालाची मापं तपासायच्या, जागेसाठी इंटरव्ह्यू झाला. तिथं जे झालं ते या रूममधल्या कुणाला सांगून कळणार नाही. तिघी बीकॉमवाल्या आणि एक नर्सिंगची. चांगल्या आहेत गं, पण साठ पोरांच्या मेकॅनिकल डिप्लोमाच्या वर्गात दोघीच मुली असणं म्हणजे काय, ते तुला नि मलाच ठाऊक. फोनच करणार होते. पण कॉट बेसिसच्या खोलीत धड रडता येत नाही, धड भांडता येत नाही, आणि मला दोन्ही करायचंय.

तर ऐक. तळेगाव चौकात बस अडकली ती हलेचना, म्हणून उतरून चिखलातून चालत गेले. गेटवरच्या सिक्युरिटीनं नाव लिहिताना विचारलं, "कँटीनला का?" म्हटलं, "क्वालिटीला." आत सगळी पोरंच. लेखी परीक्षा सोपी होती, लिमिट्स-फिट्स, सेव्हन क्यूसी टूल्स, ड्रॉइंगमधली चिन्हं. मग पन्नाशीचे एक सुपरवायझर आले. टेबलावर ग्राइंड केलेली पिन आणि शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं ते साधन, ठेवला. म्हणाले, "डायमीटर सांगा." माझ्या आधीची पोरं पटापट २४.९८ सांगून मोकळी झाली. मी आधी त्याच्या दोन्ही टोकांची, एन्व्हिल नि स्पिंडलची, तोंडं पुसली आणि रिकामाच बंद करून बघितला. शून्याला शून्य जुळत नव्हतं, दोन रेघा, म्हणजे ०.०२ मिलिमीटर, जास्त दाखवत होता. मेट्रॉलॉजीचे सर ओरडायचे ना, "आधी इन्स्ट्रुमेंटवर संशय घ्या, मग मोजायच्या जॉबवर!" रॅचेट फिरवून तीन जागी माप घेतलं आणि सांगितलं, "२४.९६. झीरो एरर प्लस ०.०२ आहे, वजा केली." त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "कुठल्या पॉलिटेक्निकची?" एवढंच विचारलं, पण स्वाती, तीन वर्षांचं सगळं त्या एका प्रश्नात वसूल झालं असं वाटलं. तो मायक्रोमीटर त्यांनी मुद्दाम तसा ठेवला होता.

मग एचआर. वय आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी जास्त असेल. रिझ्युमे न उलगडता म्हणाला, "मॅडम, सर तुमच्याबद्दल चांगलं बोलले, पण क्वालिटीत तिन्ही शिफ्ट आहेत. रात्रपाळीला मुली चालत नाहीत." मी म्हटलं, २०१५ लाच महाराष्ट्रानं फॅक्टरी कायद्यात बदल केलाय, सुरक्षा आणि ने-आण करायची सोय असेल तर बायकांना रात्रपाळी देता येते. पिंपरीत टाटांच्या कारखान्यात हॅरिअर-सफारीची अख्खी लाइन बायका चालवतात. तो चिडला नाही, हे विशेष. शांतपणे म्हणाला, "तिथं शेकड्यांनी आहेत. एका मुलीसाठी मी रात्री बस आणि गार्ड कुठून देऊ?" आणि लगेच दुसरं पुढं केलं. डिस्पॅचला, म्हणजे माल बाहेर पाठवतात तिथं, डॉक्युमेंटेशन. जनरल शिफ्ट, थर्ड पार्टी पेरोल म्हणजे पगार ठेकेदाराकडून, हातात पंधरा हजार. ई-वे बिलं, गेटपास, पॅकिंग लिस्ट.

बाहेर येऊन वडापाव घेतला आणि हातात धरून उभीच राहिले. तू असतीस तर अर्धा तोडून घेतला असतास, वर चटणी कमी म्हणून त्या माणसाशी वाद घातला असतास.

कुणाला सांगावं तर जो तो सुधा मूर्तींची गोष्ट ऐकवतो. १९७४ साल, टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात, मुलींनी अर्ज करू नये, मग जेआरडी टाटांना पोस्टकार्ड. मला ती गोष्ट लहानपणापासून आवडते. पण त्यांच्याकडं जाहिरात तरी होती. छापून आलेलं होतं, त्यावर बोट ठेवता येत होतं. आता जाहिरातीत काहीच नसतं. फॉर्म घेतात, परीक्षा घेतात, हुशार म्हणतात, आणि मग बसचा खर्च सांगतात. पोस्टकार्ड टाकायचं कुणाला?

दुसरी जागा भोसरीची. छोटं टूलरूम आहे, दोन व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशिनं, एक सरफेस ग्राइंडर, एक जुना लेथ. मालक स्वतः मशिनवर उभे असतात, हाताची बोटं काळी. म्हणाले, "पहिली शिफ्ट कर, सेटिंग शिकवतो, ऑफसेट कसा द्यायचा ते शिकवतो, वर्षभरात तुला एकटीला मशिन देईन." पण घेणार अप्रेंटिस म्हणून. महिन्याला ८,००० स्टायपेंड, तेवढेच देणार. कॉटचे अडीच हजार, मेसचे तीन, बसचा पास, रिचार्ज, बाकी शून्य. अण्णा साखर कारखान्यात हंगामी आहेत, तुला माहीतच आहे. बॉयलर थंड झाला की पुढच्या गाळपापर्यंत घरात पैसा येत नाही. बंड्याची बारावी आहे आणि क्लासचा दुसरा हप्ता दिवाळीआधी भरायचाय. पंधरातले पाच हजार मी दरमहा घरी पाठवू शकते. आठातले पाचशेही नाही.

आई म्हणते, गावी ये. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणातून ग्रामपंचायतीत बस, डिप्लोमाला तिथंही ८,०००च मिळतात, शिवाय घरचं जेवण. तिचं चुकत नाही. पण ते प्रशिक्षण सहा महिन्यांचं होतं, मग अकरा केलं, आणि संपल्यावर पोरं परत होती तिथंच. शिवाय ग्रामपंचायतीत मी मोजू काय?

आता माझी खरी भीती सांगते. सविताताई आठवते ना, आपल्या दोन वर्षं पुढची, थिअरी ऑफ मशिन्सला पहिली आलेली? ती तेव्हा "तात्पुरतं" म्हणून डिस्पॅच कोऑर्डिनेटर झाली. अजून गेटपासच करते. मधे एका ठिकाणी क्वालिटीला अर्ज केला तर म्हणाले, तुमचा अनुभव डिस्पॅचचा आहे. फ्रेशर असताना निदान कोरी तरी असते मी. रिझ्युमेवर पहिली ओळ डिस्पॅचची पडली की पुढचे सगळे तीच ओळ वाचणार, मायक्रोमीटर कुणी हातात देणारच नाही. आणि दुसरीकडं असंही वाटतं की घरात अडचण असताना मशिनचा हट्ट धरणारी मी कोण? रात्री एक ठरवते आणि सकाळी दुसरं.

आणि हो, तू आता "मी सांगत होते" म्हणशील. डिप्लोमानंतर डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला कॉम्प्युटर घेऊ म्हणून माझ्या मागं लागली होतीस आणि जर्नल सबमिशनच्या दिवशी आपण वर्कशॉपच्या दारात भांडलो होतो. ते भांडण मी अजून सोडलेलं नाही. तू कॉम्प्युटर घेतलास, तुला जमतंय, मला आनंद आहे. पण मेकॅनिकल घेऊन माझं चुकलं असं मला कालही वाटलं नाही, त्या एचआरसमोर बसूनसुद्धा नाही. (आणि ड्रॉइंगचा मिनी ड्राफ्टर माझा आहे. तुला कॉम्प्युटरला तो कशाला लागतो?)

तुझ्या कॅम्पसचं काय झालं? ॲप्टिट्यूड निघाली का? त्या मुलाच्या घरचे बघायला येणार होते ते आले का, आणि तू काय बोललीस? सगळं सविस्तर सांग.

माझं मन भोसरीकडं ओढतंय, हे तुला इथवर वाचून कळलंच असेल. हिशेब करून बघितलाय. रविवारी दहावीच्या दोन पोरींना गणित शिकवलं, मेस सोडून दोघीत मिळून स्वयंपाक केला, तर महिन्याला हजार-दीड हजार उरतील. बंड्याच्या हप्त्याचं त्यातनं होत नाही. अण्णांना विचारलं तर ते "तुला हवं ते कर" म्हणतील आणि कुणाकडून तरी उसने आणतील, म्हणून त्यांना अजून काही बोलले नाही. तुझे मामा भोसरीतच आहेत ना? त्या टूलरूमचं नाव दादाजवळ सांगून ठेवलंय. मालक शब्दाचे पक्के आहेत का, अप्रेंटिस पोरांना खरंच मशिन देतात का की वर्षभर झाडू मारायला लावतात, एवढं मामांकडून काढ.

दादा उद्या पहाटे कोल्हापूरला निघतोय, त्याच्याच हाती हे पत्र देते. दोन्हीकडं बुधवारपर्यंत सांगायचंय. मंगळवारी रात्री नऊनंतर फोन कर, मी गच्चीत जाऊन बोलेन. माझी बाजू घ्यायची म्हणून घेऊ नकोस. तुला चाकण बरोबर वाटलं तर तसं सांग, मी भांडेन, पण ऐकेन.

काकूंना नमस्कार.

तुझीच,
वैशाली