रुळाकडेच्या पाट्यांच्या सदोष संचाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मॉडेल रेल्वेसाठीच्या 1:87 मापाच्या भारतीय रेल्वे पाट्यांचा चुकीचा संच, पैसे परत मिळण्याबाबत

तुमच्या प्रतिनिधीने आत्ताच फोन कट केला, म्हणून लिहीत आहे.

संच तुम्हीच बनवता, म्हणजे पाट्या कशा असतात ते तुम्हाला ठाऊक असणार. वेगमर्यादेची पाटी त्रिकोणी आणि मर्यादा संपल्याची 'टी/पी' गोल. तुम्ही वेगाचे आकडे गोलावर छापलेत आणि 'टी/पी' त्रिकोणावर. माझा लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेचा मांडलेला देखावा, कर्जत-लोणावळा घाटाचा आहे. तिथे 37 फुटांत 1 फूट चढ, गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. तुमच्या चढाच्या खांबावर '37' छापलंय, पण चढ दाखवणारा हात पूर्ण आडवा, रूळ सपाट असल्यासारखा! 'सी/फा' (सीटी/फाटक) पाटी बुडापासून टोकापर्यंत 45 मिमी. 87 ने गुणा, जवळपास 4 मीटर होतात. पाटी इंजिनाच्या छपराला भिडते. फाटकाआधी शिटी द्यायची हे ड्रायव्हरने तिथे वर बघून वाचायचं का?

हे सगळं मी फोनवर नीट सांगितलं. मॅडमनी विचारलं, "मुलाचं वय किती?" म्हटलं, लेआउट माझा आहे. जरा वेळ काहीच नाही. मग, "काका, खेळण्यातली गाडी ना? पाटी कोण वाचतंय?" म्हटलं, मी वाचतो. "मग स्केचपेनने बरोबर लिहून घ्या ना." त्रिकोणाचा गोल स्केचपेनने कसा करायचा, असं विचारल्यावर फोन होल्डवर टाकला, गाणं वाजत राहिलं आणि लाइन तुटली. खोक्यावर 'हुबेहूब' हा शब्द तुम्हीच छापलाय. तुमचीच माणसं त्याला खेळणं म्हणतात, हे मला फार लागलं.

तुमचे ओव्हरहेड वायरचे खांब माझ्या लेआउटवर आहेत, ब्रॅकेटसकट अचूक. त्याच भरवशावर हा संच घेतला. ते खांब बनवणाऱ्यांनी घाटातल्या खांबाचा हात आडवा ठेवावा? एकदा तरी कोणी रुळाकडे जाऊन बघितलं होतं का?

आठ दिवसांत पैसे परत करा किंवा दुरुस्त संच पाठवा. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवीन आणि तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. बिल आणि पट्टी लावून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. उत्तर लेखी द्या, फोन नको.

एक ग्राहक