आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: ऑपरेशननंतरचे दोन दिवस हृदयाकडे कोण बघतं?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी भूलतज्ज्ञ आहे. 'टेबलावर काही होणार नाही ना?' हा प्रश्न आम्हाला नातेवाईक हमखास विचारतात. टेबलावर सहसा काही होत नाही. होतं ते नंतर. १४ देशांतल्या ४०,००४ रुग्णांचा 'व्हिजन' अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे रुग्ण ४५ किंवा त्याहून जास्त वयाचे होते आणि शस्त्रक्रिया हृदयाच्या नव्हत्या. ३० दिवसांत १.८ टक्के रुग्ण दगावले. या मृत्यूंपैकी थिएटरमध्ये झालेले एक टक्काही नव्हते. सुमारे ७० टक्के त्याच मुक्कामात, रुग्णालयातच झाले आणि २९ टक्के डिस्चार्ज मिळाल्यावर. मोठी कारणं तीन निघाली: रक्तस्राव, हृदयाच्या स्नायूला झालेली इजा आणि सेप्सिस (जंतुसंसर्गाने शरीरभर उठणारी घातक प्रतिक्रिया).

यातल्या मधल्या कारणासाठी हे पत्र, कारण ते दिसत नाही. याच अभ्यासाच्या २०१७ च्या अहवालात २१,८४२ रुग्णांचं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) ऑपरेशननंतर तपासलं होतं. सुमारे १८ टक्क्यांच्या हृदयाला इजा झालेली आढळली. त्यांतल्या ९३ टक्क्यांना छातीत दुखणं, धाप लागणं असं हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडल्याचं एकही लक्षण नव्हतं. ट्रोपोनिन केलं नसतं तर त्यांचा पत्ताच लागला नसता.

दुखणार तरी कसं? खुब्याच्या ऑपरेशननंतरची दुसरी रात्र घ्या. पेशंटला वेदनाशामक इंजेक्शन चालू आहे, तो गुंगीत आहे. नाडी ११८, बीपी ९२. हिमोग्लोबिन उतरलंय. ताणामुळे हृदय जोरात धावतंय, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलीय आणि आधीच अरुंद झालेल्या धमन्यांतून स्नायूला पुरेसं रक्त पोचत नाही. पेशंट फार तर 'कसंतरी होतंय' म्हणतो. 'घाबरलेत' म्हणून सलाइन वाढवलं जातं. चार्टवर आकडे नीट लिहिलेले असतात, पण त्यावरून कुणाला फोन करायचा हे ठरलेलं नसतं.

आपली सगळी ताकद ऑपरेशनच्या आधी खर्च होते. फाइलला 'मध्यम जोखमीसह भुलेस योग्य' असा एका ओळीचा फिटनेसचा कागद लागला की सगळे निर्धास्त. तो कागद मिळवायला धडधाकट माणसाचासुद्धा टुडी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो, मोतीबिंदूसाठीही! (त्या इकोने ऑपरेशनचा बेत बदलल्याचं मी क्वचितच पाहिलंय.) जोखीम ओळखायला १९९९ पासून वापरात असलेले अमेरिकी डॉक्टर ली यांचे सहा निकष सुरुवातीला पुरतात: मोठं ऑपरेशन, हृदयधमनीविकार, हार्ट फेल्युअर, पक्षाघात किंवा त्याचा छोटा झटका, इन्शुलिनवरचा मधुमेह आणि दोनच्या (मिग्रॅ/डेसिलिटर) वर गेलेलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण. पाच गोष्टी विचारून कळतात, सहावीला रक्ताची एक साधी तपासणी.

माझी मागणी सरसकट नाही. तिशीतल्या हर्नियाच्या पेशंटचं ट्रोपोनिन करू नका. पण पासष्टी ओलांडलेले किंवा हृदयविकार असलेले रुग्ण मध्यम वा मोठ्या ऑपरेशनला जात असतील, तर ट्रोपोनिन ऑपरेशनच्या आधी एकदा आणि नंतर २४ व ४८ तासांनी व्हावं. युरोपियन हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. सरकार शस्त्रक्रियेचे पैसे भरतं तिथे या तपासण्या त्याच रकमेत स्पष्ट धरल्या पाहिजेत. नाहीतर रुग्णालयं काटछाट करतील ती इथेच.

'वाढलेलं सापडलं तर करणार काय?' असं आपले सल्लागार विचारतील, आणि प्रश्न रास्त आहे. इसीजी काढायचा, रक्तस्राव, हिमोग्लोबिन, बीपी आणि ऑक्सिजन पाहून कारण दुरुस्त करायचं, रक्तस्रावाचा धोका तोलून अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन द्यायचं. २०१८ च्या 'मॅनेज' चाचणीत अशा रुग्णांना डॅबिगॅट्रान हे रक्त गोठू न देणारं औषध दिल्यावर रक्तवाहिन्यांच्या गंभीर गुंतागुंती १५ वरून ११ टक्क्यांवर आल्या. जादू नाही, पण हात बांधून बसण्याची वेळही नाही.

एक मात्र करू नका: गोळीचा फतवा. २००८ च्या 'पॉइज' चाचणीत ८,३५१ रुग्णांपैकी निम्म्यांना ऑपरेशनच्या दिवसापासून मेटोप्रोलॉल (नाडी आणि बीपी कमी करणारं बीटा-ब्लॉकर औषध) दिलं. हार्ट अटॅक कमी झाले, मृत्यू आणि पक्षाघात वाढले. २०१४ मध्ये अ‍ॅस्पिरिनचंही तसंच: सरसकट आधीपासून देऊन हार्ट अटॅक टळले नाहीत, रक्तस्राव तेवढा वाढला. (पूर्वीपासून बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांनी ते अचानक बंद करू नये आणि नुकताच स्टेंट बसलेल्यांच्या गोळ्यांचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाला विचारून व्हावा, हे वेगळं.) म्हणून परिपत्रकात औषध नको, तपासणी हवी आणि नाडी-बीपी कुठे गेलं की नर्सने कुणाला बोलवायचं ते हवं. रात्री दोनला बोलावलं तर तिच्यावर कुणी डाफरणार नाही, हेही त्यात लिहून टाका.

डिस्चार्ज कार्डावर टाके कधी काढायचे ते असतं, हृदयाला इजा झाली होती हे नसतं. तेही असावं, आणि कोणत्या तारखेला कुणाला दाखवायचं तेसुद्धा. शिवाय रुग्णालयांकडून मृत्यूंचा हिशेब डिस्चार्जपर्यंतचा न घेता ३० दिवसांचा घ्या. तिसाव्या दिवशी एक फोन, एवढंच काम आहे. सुरुवात मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या खुब्याच्या ऑपरेशनांपासून केली तर पहिल्या महिन्यातच आपल्या हाती स्वतःचे आकडे असतील.

कळावे,
एक भूलतज्ज्ञ