मान्यतेआधीची आठ तिकिटे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील लेखात 'भारताने ६ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशाची स्थापना केली' असे वाक्य आहे. मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. उत्तरपत्रिकांत हीच चूक लाल शाईने दुरुस्त करण्यात माझी कित्येक वर्षे गेली, म्हणून राहवत नाही. त्या दिवशी भारताने मान्यता दिली. प्रजासत्ताक स्थापण्याचे काम तिथल्या लोकांनी आधीच उरकले होते. २६ मार्चला स्वातंत्र्याची घोषणा झाली, १० एप्रिलला प्रजासत्ताकाचा जाहीरनामा निघाला आणि १७ एप्रिलला मेहेरपूरजवळच्या आमराईत मंत्रिमंडळाचा शपथविधीही झाला.

याचा पुरावा माझ्या संग्रहात आहे. २९ जुलैला या सरकारने चक्क आठ टपाल तिकिटे काढली. चित्रे लंडनस्थित बिमान मल्लिक यांची. दहा पैशांच्या तिकिटावर देशाचा नकाशा, पाच रुपयांच्या तिकिटावर शेख मुजीब, जे तेव्हा पाकिस्तानच्या तुरुंगात होते. भारतानेही अजून ज्याला मान्यता दिली नव्हती, त्या देशाची ही तिकिटे! मला ती फार उशिरा मिळाली. बदल्यात हंगेरीची तीन पाने द्यावी लागली. सौदा वाईट नव्हता.

मान्यतेला आठ महिने लावून भारताने कच खाल्ली, हा लेखकाचा शेराही पटला नाही. जयप्रकाश नारायण आणि जनसंघ तात्काळ मान्यतेसाठी आग्रही होते, हे खरे. संसदेनेही ३१ मार्चलाच पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव केला, पण मान्यता दिली नाही. कारण मान्यता द्यायची तर समोरच्या सरकारची आपल्या भूमीवर हुकमत हवी, असा जुना दंडक आहे. इथे पंतप्रधान ताजुद्दीन अहमद यांचे कार्यालयच कलकत्त्यात, थिएटर रोडवर! तेव्हा घाई केली असती तर 'हे सरकार दिल्लीने उभे केले' हा पाकिस्तानचा आरोप आपणच खरा ठरवला असता, शिवाय युद्धाला आयते निमित्त मिळाले असते. तेही ऐन पावसाळ्यात, पूर्व बंगालच्या नद्या फुगलेल्या असताना. (भूगोलवाल्याला हा मुद्दा सोडवत नाही.) ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध टाळण्याचा प्रश्नच उरला नाही. तिसऱ्या दिवशी इंदिरा गांधींनी लोकसभेत मान्यता जाहीर केली. पाकिस्तानने त्याच दिवशी आपल्याशी राजनैतिक संबंध तोडले.

'मान्यता देणारा पहिला देश भारत' हेही जपून लिहावे. भूतानची मान्यता त्याच दिवसाची आहे आणि बांगलादेशात पहिला मान भूतानला देतात. अमेरिकेने मान्यता दिली ४ एप्रिल १९७२ रोजी. खुद्द पाकिस्तानने २२ फेब्रुवारी १९७४ रोजी, लाहोरच्या इस्लामी परिषदेच्या वेळी. चीनने तर १९७२ मध्ये नकाराधिकार वापरून संयुक्त राष्ट्रांचे दार अडवले आणि मान्यता दिली ती ऑगस्ट १९७५ मध्ये. मान्यता हीच जन्मतारीख धरली, तर चीनच्या लेखी बांगलादेश चार वर्षांनी धाकटा भरेल!

शुद्धिपत्र छापणार असाल तर 'स्थापना केली'च्या जागी 'मान्यता दिली' एवढेच पुरे. तिकिटांचे छायाचित्र हवे असल्यास पाठवीन. मूळ पान मात्र घराबाहेर जाणार नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व तिकीटसंग्राहक